विसावी संकष्टी

“तिला काय विचारता? तिला चतुर्थी म्हणजे फोर्थ, एवढंच ठाऊक असेल.”

गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन मी उतरत होते, ती वळणावरच थांबले. खालच्या पायऱ्यांवर दुसऱ्या मजल्यावरच्या जोशी काकू उभ्या होत्या आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या सावंत काकू अजून खाली, तळमजल्याच्या दारात.

“ठाऊक नसू दे,” सावंत काकू म्हणाल्या. “डोळे धड आहेत ना तिचे? मला डोळेच हवेत.”

“अहो, पण कॅलेंडरात वेळ दिलेली असते की. त्या वेळेला ताट घ्यायचं नि मोकळं व्हायचं.”

“कॅलेंडर छापणाऱ्याने चंद्र बघितलेला नसतो हो.”

जोशी काकू हसल्या. मी कपड्यांचा ढीग हनुवटीखाली दाबून तशीच उभी राहिले. खाली उतरले असते तर कळलं असतं, की मी ऐकलं. लहानपणापासून मी असंच करत आले आहे. माणसं आपल्याबद्दल बोलत असली की त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं आणि मग काहीच न ऐकल्यासारखा चेहरा करून जायचं.

डोंबिवली पूर्वेला आमची तीन मजल्यांची बिल्डिंग होती. आम्ही सगळ्यात वर, गच्चीच्या खाली. सावंत काकू तळाला. त्यांच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसायची आणि मान वाकडी केली तर दुपारच्या उन्हाची एक पट्टी. लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नव्हतं म्हणून त्यांनी एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या. दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा, आणि चंद्र उगवला की त्याला पाणी-अक्षता वाहून, गणपतीला मोदकांचा नैवेद्य दाखवून मग जेवण. बिल्डिंगीतल्या इतर बायकाही संकष्टी करायच्या. पण ढग असले की त्या कॅलेंडरातली वेळ बघून जेवून घ्यायच्या. सावंत काकूंनी मात्र स्वतःला एक जास्तीची अट घातली होती. चंद्र दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर दूध पिऊन झोपायचं, पहाटे उठायचं आणि पश्चिमेला, खाडीच्या बाजूला उतरलेला फिका चंद्र बघून उपास सोडायचा. तोही नाही दिसला, तर ती संकष्टी धरायची नाही.

सतरा झाल्या आणि त्यांना दिवस गेले. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितलं. उपासाला हरकत घेतली, त्यावर काकूंनी दूध आणि फळं यांवर तडजोड केली. गच्चीचं मात्र काय करायचं? म्हणून त्यांना डोळे हवे होते.

*

दर वर्षी श्रावण आला की हे सगळं परत येतं. मी आता ठाण्याला नोकरी करते. ऑफिसच्या भिंतीवरचं कॅलेंडर मीच उलटते. श्रावणाच्या पानावर नारळी पौर्णिमेनंतरच्या चौथ्या चौकोनात गणपतीचं छोटं चित्र असतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत चंद्रोदयाची वेळ. मी ते वाचायचं नाही असं ठरवते आणि वाचते. बाहेर ऊन असतं, लगेच सर येते, परत ऊन. लोकांना हा महिना आवडतो. मलाही आवडायचा.

त्या काळी आमच्या गच्चीवरून पूर्वेला मोकळं दिसायचं. भाताची खाचरं, मधूनच एखादी नवी बिल्डिंग बांबूंच्या पिंजऱ्यात उभी असलेली, आणि उजव्या हाताला लांब मलंगगडाचा तो वेडावाकडा सुळका. काकूंच्या पहिल्या काही संकष्ट्यांना त्या स्वतः वर यायच्या. हातात तांब्या, ताटलीत अक्षता, फूल. मी तिथे आधीच असायचे, कारण घरात दोनच खोल्या होत्या आणि गच्चीवर कुणी बोलायला लावत नसे. पहिल्यांदा आम्ही दोघी टाकीच्या दोन बाजूंना गप्प उभ्या राहिलो. दुसऱ्या महिन्यात काकूंनी विचारलं, “तू कसली गो वाट बघतेस?” मी म्हटलं, “चंद्राचीच.”

“मग तुझा पण उपास?”

“नाही. मी जेवून आलेय.”

त्या इतक्या हसल्या, की तांब्यातलं पाणी हिंदकळलं.

चंद्र दर महिन्याला त्याच जागी उगवत नाही, हे माझ्या लक्षात त्यांच्यामुळे आलं. चैत्रात तो मलंगगडाच्या बराच जवळ होता. पुढच्या महिन्यात थोडा डावीकडे. मग आणखी डावीकडे, दर खेपेला एखाद्या बिल्डिंगइतका, कल्याणच्या दिशेने सरकत. मी एका जुन्या वहीत लिहून ठेवायला लागले. कॅलेंडरातली वेळ, खरी दिसलेली वेळ, आणि कशाच्या डोक्यावर दिसला: पिंपळ, पाण्याची टाकी, विजेचा खांब. काकू म्हणायच्या, “लिहिलास काय? लिही. नाहीतर उद्या मी म्हणेन की बघितला आणि देव म्हणेल की पुरावा दे.”

उन्हाळ्यात आम्ही चंद्र यायच्या आधीच वर जायचो. मी त्यांना ग्रेट बेअर, म्हणजे सप्तर्षी, दाखवलं. त्यांनी बराच वेळ मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, “हे आमचं खाटलं. हे चार खाटेचे पाय आणि मागून जातात ते तीन चोर. खाट पळवतात.” त्यांच्या वडिलांनी कुडाळच्या घराच्या खळ्यात त्यांना हे दाखवलं होतं. मला अस्वल कधीच दिसलं नव्हतं. पुस्तकात होतं म्हणून मी ते मान्य केलं होतं. खाट मात्र लगेच दिसली.

आकाशातलं काही दुसऱ्याला दाखवणं अवघड असतं. आपण बोट करतो आणि समोरचा माणूस बोटाच्या टोकाकडे बघत राहतो. तिथे नाही, त्याच्या वर, त्या तारेच्या डावीकडे, असं म्हणत शेवटी त्याच्या मागे जाऊन उभं राहावं लागतं, आपला गाल त्याच्या कानाजवळ न्यावा लागतो, म्हणजे दोघांची नजर एका रेषेत येते. मी माणसांच्या इतक्या जवळ कधी जात नसे. काकूंच्या खांद्याला खोबरेल तेलाचा आणि कापराचा वास यायचा.

जिने बंद झाल्यावर काकूंनी मला खाली बोलावलं. हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, “तू बघितलास की मी बघितला. एवढं कर माझ्यासाठी.” मी मान हलवली. घरी येऊन आरशात स्वतःचे डोळे पाहिल्याचं आठवतं. मला वाटलं होतं, आपल्याला कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी महत्त्वाचं काम दिलं आहे.

*

मी कल्याणच्या इंग्रजी शाळेत जात होते, नववीत. शाळेत माझी ओळख म्हणजे वर्गातली गप्प मुलगी. त्या वर्षी जुलैत विज्ञानाच्या बाईंनी प्रत्येकाला एक निरीक्षण मांडायला सांगितलं आणि मी चंद्रोदयाची वही नेली. तक्ता केला, आलेख काढला, वर मोठ्या अक्षरांत ‘माय मूनराइज ऑब्झर्वेशन्स’. बाई खूश झाल्या. त्यांनी तो तक्ता स्टाफरूमबाहेर लावला. वर्गात विचारलं, की तू नेमकी पौर्णिमेनंतरची चौथीच रात्र का निवडलीस?

मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, “असंच, मिस. रँडमली.”

ते मी का म्हटलं, हे तेव्हाही मला नीट माहीत होतं. इंग्रजीतला चंद्र वेगळा होता. त्याला विवरं होती, कला होत्या, त्याच्यावर माणूस उतरला होता. त्या चंद्राशेजारी तांब्या घेऊन उभ्या असलेल्या काकू मला बसवता येत नव्हत्या. तक्त्यात त्यांच्या पिंपळाचं मी ‘ट्री ए’ केलं.

दोन मुली माझ्याशी बोलायला लागल्या ते त्या तक्त्यानंतर. सोनल आणि प्रीती. कल्याणला त्यांची मोठी घरं होती, सोनलकडे फोन होता. श्रावणात युनिट टेस्ट आली आणि त्या म्हणाल्या, की आम्ही तुझ्याकडे नोट्स उतरवायला येतो. मी दोन दिवस घर आवरत होते. आईला सांगितलं की पोहे नकोत, सँडविच कर. बाबांना सांगितलं की बनियनवर बसू नका. ज्या संध्याकाळी त्या येणार होत्या ती संकष्टी आहे, हे माझ्या लक्षातच नव्हतं. खरं तर होतं. सकाळी दूध आणायला गेले तेव्हा काकूंनी दारातून दोन बोटं वर केली होती. दोनच राहिल्या: आजची विसावी आणि पुढच्या महिन्यातली शेवटची. मी हसले होते.

त्या आल्या तेव्हा पाऊस नव्हता. सातनंतर लागला. साडेनऊला सोनलचे पप्पा स्कूटरवर न्यायला येणार होते. आम्ही आतल्या खोलीत लिहीत बसलो होतो आणि माझं अर्धं लक्ष घड्याळात, अर्धं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. आमच्या बिल्डिंगीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या मधल्या डक्टमध्ये उघडत. त्या डक्टमधून फोडण्यांचे वास वर यायचे, भांडणं वर यायची आणि खालून एखादीने हाक मारली, की ती तिन्ही मजल्यांना ऐकू जायची.

नऊ वाजून गेल्यावर हाक आली.

“मिनू, चंद्र दिसलो काय गो?”

भुकेनं आणि घाईनं काकू त्यांच्या बोलीवर गेल्या होत्या. सोनलने पेन थांबवलं.

“कोण ओरडतंय?”

“मून?” प्रीती म्हणाली. “इस बारिश में?”

दोघी हसायला लागल्या. तशा त्या वाईट मुली नव्हत्या. त्यांना खरंच मजा वाटली होती. सोनलने मला विचारलं, “तुमची बाई आहे का ती?”

“नाही,” मी म्हटलं. “खालची कुणीतरी आहे.”

हाक परत आली. “अगो मिनू, वर गेलेलीस काय?”

प्रीतीने तोंडावर हात दाबला, खांदे हलत होते. आई बाबांसोबत जोशांकडे टीव्ही बघायला गेली होती. मी उठले. वर जायला पंधरा पायऱ्या होत्या. बाहेर पडले असते तर त्या विचारणार, की कुठे चाललीस. मी स्वयंपाकघरात गेले, खिडकीचं दार ढकललं आणि खाली, अंधाऱ्या डक्टमध्ये म्हटलं, “दिसला.”

“नीट बघितलास?”

“हो.”

“कुठे होतो चंद्र?”

इथे मी थांबू शकले असते. माझ्याकडे दीड वर्षाची वही होती. श्रावणातला चंद्र कुठे येणार हे मला बिल्डिंगीतल्या कुणापेक्षाही चांगलं ठाऊक होतं. “मलंगगडाच्या बराच डावीकडे,” मी म्हटलं. “खांबाच्या वर. हातभर वर आलाय. ढगातून दिसला.”

“बरं झालं गो बाय,” खालून आवाज आला. “सुटले.”

मग डक्टमध्ये सगळीकडून आवाज सुरू झाले. कुकरचं झाकण. ताटं मांडल्याचं. जोशी काकू कुणाला तरी म्हणाल्या, “चला, दिसला म्हणे.” मी खोटं बोलले होते आणि त्यावर तीन मजले जेवायला बसले होते. बाकीच्या कॅलेंडर बघूनही बसल्याच असत्या. काकू बसल्या नसत्या.

मैत्रिणी गेल्यावर मी गच्चीवर गेले. पाऊस थांबला होता. पूर्वेला आकाश असं नव्हतंच, नुसता एक ओला, राखाडी पडदा, त्यावर कल्याणकडच्या दिव्यांचा पिवळट डाग. मी टाकीजवळ उभी राहिले. मला वाटत होतं, आता निदान पाच मिनिटं ढग हलावेत, चंद्राचा एक तुकडा दिसावा, म्हणजे माझं खोटं उशिरा का होईना, खरं होईल. मी कधी देवाला काही मागत नसे. त्या दिवशी मागितलं. आई जेवायला बोलवायला वर आली तोवर माझे केस ओल्या हवेने दमट झाले होते. पडदा हलला नाही. वहीत मी त्या महिन्याची ओळ कोरी ठेवली, आणि त्यानंतर त्या वहीत काही लिहिलं नाही.

*

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी काकूंना रिक्षात घालून नर्सिंग होममध्ये नेलं. चार दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा त्यांचं पोट नव्हतं. पाचवा महिना होता.

आईने मऊ भात केला आणि डबा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मला अभ्यास आहे. आई म्हणाली, पाच मिनिटं येशील तर अभ्यास बुडणार नाही. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, पायांवर जाड चादर. जोशी काकू शेजारी. सावंत काका कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यातल्या पाळीवरून आलेले, अजून खांद्याला डब्याची पिशवी, स्वयंपाकघराच्या दारात उभे.

“डॉक्टर म्हणाले, यात कुणाची चूक नसते,” काका म्हणाले. हे त्यांनी बहुतेक बऱ्याच वेळा सांगितलं असावं.

“डॉक्टर तसंच म्हणतात,” काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. “तुला सांगते मिनू. त्या दिवशी तुझी हाक आली ना, दिसला म्हणून, आणि मला दम निघाला नाही गो. सकाळपासून नुसतं दूध होतं पोटात. नैवेद्य दाखवायच्या आधीच मोदकाचं टोक मोडून तोंडात टाकलं. एवढंसं.” त्यांनी अंगठ्याने करंगळीचं टोक दाखवलं. “तिथेच खोट राहिली.”

“असं काही नसतं,” आई म्हणाली.

“नसतं कसं? एकोणीस नीट झाल्या. विसाव्याला मी तोंड आवरलं नाही.”

काका पिशवी न ठेवताच आत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला.

मी डब्याच्या कडीशी खेळत होते. कडी वर, कडी खाली. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ते फार छोटं होतं. मी ते बोलले असते तर काकूंनी माझ्याकडे कसं बघितलं असतं, आईने कसं, जोशी काकूंनी वर जाऊन काय सांगितलं असतं, हे सगळं मला एका क्षणात दिसलं. आणि मी गप्प बसले. जिना चढताना जोशी काकू आईला म्हणाल्या, “मी कुणाला काही बोलत नाही हं. पण नैवेद्याआधी खायचं म्हणजे…” आई पुढे चढत राहिली. मीही.

त्यानंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पहिलं कारण दयेचं होतं: पोटुशी बाईला उपाशी कशाला ठेवायचं, म्हणून मी खोटं बोलले. हे कारण मला तीन आठवड्यांनी सुचलं, त्यामुळे ते खरं असणं शक्यच नव्हतं. दुसरं कारण विज्ञानाचं. चंद्राचा आणि गर्भाचा काही संबंध नाही, ढगाचा नाही, मोदकाचा नाही. हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. दहावीत मी अंधश्रद्धेवर इंग्रजीतून भाषण केलं आणि त्यात ‘आमच्या शेजारची एक बाई’ असा दाखला दिला. ती बाई मोदकाच्या टोकाला आपल्या दुःखाचं कारण समजते, असं मी सांगितलं. टाळ्या पडल्या. मला दुसरा नंबर मिळाला. ती चुकीचं कारण धरून बसली आहे, एवढं मी सभेला सांगितलं. तिच्या मनात ते घट्ट बसू दिलं ते माझ्या गप्प राहण्याने, हे सांगितलं नाही.

माझ्या खोट्यामुळे काकूंचं मूल गेलं असं मी कधीच मानलं नाही. मानलं असतं तर कदाचित घाबरून लवकर बोलले असते. माझी लाज वेगळी आहे. त्या आपली चूक शोधत होत्या, घरभर शोधत होत्या, आणि मी समोर उभी राहून शोधू दिली.

*

आकाश बघणं मी सोडलं नाही. कॉलेजच्या मुलांबरोबर येऊरच्या डोंगरावर गेले, उल्का मोजल्या. लोक म्हणतात, मी चांगलं दाखवते. त्यांच्या मागे जाऊन उभी राहते, रेषेत नजर आणून देते. फक्त एक सवय लागली आहे. दिसलं, असं मी म्हणत नाही. मला वाटतं दिसलं, असं म्हणते. ऑफिसातली एक मैत्रीण चिडवते, “तुला पौर्णिमेचा चंद्र दाखवला तरी म्हणशील, मला वाटतं चंद्रच असावा.”

सावंत काका रिटायर झाल्यावर ते दोघं कोपरीला, स्टेशनच्या पूर्वेला, काकांच्या भावाच्या खोलीत राहायला गेले. माझी नोकरी ठाण्यालाच, चालत दहा मिनिटांवर. आई दर महिन्याला विचारायची, गेलीस का गं काकूंकडे? मी दोन वर्षं जाईन म्हटलं आणि गेले नाही. मग एकदा भाजी घेताना त्याच मला भेटल्या. केस पांढरे झालेले, हातात मेथीची जुडी. “अगो, केवढी झालीस,” म्हणाल्या आणि सगळ्या बाजारासमोर माझ्या गालावरून हात फिरवला. घरी घेऊन गेल्या.

देव्हाऱ्यात दोन डब्या होत्या. पितळेची एक, स्टीलची एक. त्यांनी हसत हसत मला दाखवल्या. एकीत सुपाऱ्या. दर संकष्टीला एक सुपारी पितळेतून स्टीलमध्ये जायची. एकवीस गेल्या की झालं. काही खोट आली तर सगळ्या परत पितळेत. दहा वर्षांत किती वेळा परत गेल्या? त्यांनी बोटं मोजली. एकदा चंद्राला अक्षता वाहायच्या राहिल्या. एकदा जावेचं सुतक. एकदा ताप होता आणि गोळीबरोबर बिस्किट खाल्लं.

“अजून?” मी विचारलं.

“आता मूल नको गो. आता कुठे वय आहे? आता नुसत्या एकवीस नीट व्हायला हव्यात. एकदा तरी मला नीट करता आलं, एवढंच.”

गेल्या श्रावणात मी मुद्दाम संकष्टीलाच गेले. सांगायचं ठरवून गेले. त्या रात्री आकाश धुतल्यासारखं होतं. गॅलरीतून समोरच्या दोन बिल्डिंगींमधून चंद्र वर आला, तांबूस, एका बाजूने झिजलेला. काकूंनी पाणी सोडलं, माझ्या हातावर मोदक ठेवला. त्या इतक्या आनंदात होत्या, की मला वाटलं, आज नको. मोदक खाऊन घरी आले. चांगल्या दिवशी माणूस सांगत नाही कारण दिवस चांगला आहे, आणि वाईट दिवशी सांगत नाही कारण तो आधीच वाईट आहे. मी हे अकरा श्रावण करत आले.

या वर्षी रविवारी सकाळी गेले, संकष्टीच्या दोन दिवसांनी. काही ठरवलं नव्हतं. बाहेर श्रावणातलं ऊन होतं. काका पेपर वाचत होते. काकू जमिनीवर बसून वालाची बिरडी सोलत होत्या, पाण्याच्या भांड्यात दाणे पडल्याचा टप टप आवाज. मीही शेजारी बसले आणि सोलायला लागले. देव्हाऱ्याकडे नजर गेली. स्टीलची डबी उघडी होती, रिकामी.

“मागच्या महिन्यात तर तेरा झालेल्या,” मी म्हटलं.

“तेरा झालेल्या.” त्यांनी बिरडं सोलून पाण्यात टाकलं. “परवा सारण ढवळताना गूळ पुरे झाला का बघायला जिभेवर ठेवलं. सवयीने. ठेवल्यावर कळलं. नैवेद्याआधी. तेव्हा केलं तेच, परत तेच.” त्या हसल्या, जीभ जरा बाहेर काढून दाखवली, लहान मुलं डॉक्टरला दाखवतात तशी. “ही जीभच तशी माझी. हिनेच घालवलंन् तेव्हा.”

“पुरे आता,” काका पेपराआडून म्हणाले.

“पुरे कसं? सोमवारी पूजेची नवी सुपारी आणा. एक किडलीय. परत एकपासून धरायचं तर नीट धरूया.”

माझ्या बोटांवर वालाची सालं चिकटली होती. मी ती पुसली नाहीत. अकरा वर्षांपूर्वीचं ते छोटं वाक्य मला आठवेना. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी होतं, आणि तेच बाहेर आलं.

“काकू, जीभ नका दाखवू. तुम्ही मोदक खाल्लात तेव्हा चंद्र उगवलाच नव्हता. म्हणजे दिसला नव्हता. ती विसावी धरायचीच नव्हती. मी गच्चीवर गेलेच नव्हते. घरी शाळेतल्या मुली आलेल्या, तुम्ही हाक मारलीत तर त्या हसल्या, आणि मला तुमची लाज वाटली. म्हणून मी खिडकीतूनच सांगितलं, दिसला.”